‘मध्य प्रांतातील गोंड स्त्री’ : धुरंधरांच्या एका चित्राची ओळ आणि चांदा जिल्हा

इसवी सन १९२० मध्ये ‘विमेन ऑफ इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मजकूर ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याचा, तर त्यातील ४८ रंगीत चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. मजकूर आज फारसा कोणी वाचत नाही. चित्रे मात्र ग्रंथातून सुटी होऊन शंभर वर्षे स्वतंत्रपणे हिंडत आहेत. भिंतींवर, दिनदर्शिकांवर, भेटकार्डांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. मुंबईची कोळीण, महाराष्ट्रातील घरंदाज स्त्री, गुजरातची नागर स्त्री, निलगिरीची तोडा स्त्री अशा त्या मालिकेत एका चित्राखाली ‘मध्य प्रांतातील गोंड स्त्री’ एवढीच ओळ आहे. तिचे नाव, गाव, जिल्हा यांचा उल्लेख नाही. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या काळी चांदा या एकाच जिल्ह्यात होते आणि चांदा मध्य प्रांतात होता. म्हणजे ही ओळ ज्या असंख्य स्त्रियांना लागू होत होती, त्यांत वैनगंगेच्या आणि इंद्रावतीच्या काठची गोंड स्त्रीही येत होती.

ही ओळ आली कुठून? एका स्त्रीचे चित्र काढावे आणि तिला जमातीचे नाव द्यावे, ही रीत धुरंधरांनी निर्माण केलेली नाही. ती त्यांच्या हाती तयार आली होती. कंपनी सरकारच्या काळात देशी चित्रकार गोऱ्या साहेबांसाठी ‘कुंभार आणि त्याची बायको’, ‘तेली आणि त्याची बायको’ अशा जोड्या रंगवून देत असत. पुढे कॅमेरा आला. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्याची युक्ती मोठी बोलकी होती. माणसांची छायाचित्रे वेगळी घ्यायची, ती कापून काढायची आणि दुसऱ्याच एखाद्या दृश्यावर चिकटवून पुन्हा छापायची. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची. तरी पाहणाऱ्याला वाटे की या जातीचे लोक असेच आणि इथेच राहतात. १८६८ ते १८७५ या काळात सरकारनेच ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड प्रसिद्ध केले. सत्तावनच्या उठावाची आठवण ताजी असताना कोण विश्वासू, कोण बंडखोर, कोण कष्टाळू याची नोंद राज्यकर्त्यांना हवी होती. चित्राखालची ओळ त्या नोंदीचाच भाग होती.

मध्य प्रांत स्थापन झाला १८६१ मध्ये. त्या आधी आठ वर्षे नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला होता. नव्या प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या निधनानंतर त्यांची आदिवासींविषयीची टिपणे १८६६ मध्ये संपादित करून छापली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी मानववंश-पाहणी सुरू झाली आणि तिच्यातून रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये बाहेर पडला. (रसेल यांना तो छापून आलेला पाहता आला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये ‘पर्शिया’ हे जहाज पाणतीराने बुडाले, त्यात ते गेले.) या ग्रंथातील एका चित्राची ओळ आहे ‘नृत्यवेशातील माडिया गोंड’, दुसऱ्या एका चित्राची ‘गोंदवून घेण्याच्या तयारीत असलेली स्त्री’. धुरंधरांची गोंड स्त्री लोकांसमोर आली ती या ग्रंथानंतर चारच वर्षांनी.

‘नृत्यवेशातील’ हा शब्द येथे प्रामाणिक आहे, कारण तो वेश रोजचा नाही हे तो सांगून टाकतो. अडचण पुढे होते. अशी चित्रे पुनःपुन्हा छापली जातात तेव्हा हा शब्द गळून पडतो आणि उरतो तो फक्त ‘माडिया गोंड’. सणासुदीला घातलेले दागिने आणि शिरोभूषण मग त्या माणसाची कायमची ओळख ठरतात. आजही सरकारी कार्यक्रमात पाहुण्यांच्या स्वागताला रेला नृत्य ठेवले की वर्तमानपत्रात येणारे छायाचित्र याच जातीचे असते.

धुरंधरांकडे वळायचे तर त्यांचा वकूब आधी मान्य केला पाहिजे. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेला हा पाठारे प्रभू तरुण १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाला आणि शिक्षक, मुख्याध्यापक अशा पायऱ्या चढत तिच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्या कारकिर्दीची मोजणी आहे. त्यांच्या शिक्षणाच्या काळात कलाशाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स, ज्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्या शाळेत वस्त्राच्या चुण्या हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असे. कापड खांद्यावरून कसे उतरते, कमरेला कुठे आवळते, गुडघ्याशी कसे ताणले जाते, हे समोर माणूस बसवून तासन्‌तास गिरवावे लागे.

या अभ्यासाला धुरंधरांनी आपल्या डोळ्यांची जोड दिली. मुंबईच्या रस्त्यावरील माणसांची त्यांनी काढलेली चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी आणि किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या महाराष्ट्रातील व्रतकथांसाठीही त्यांनी चित्रे काढली. नऊवारी लुगड्याचा काष्टा, पदर खोचण्याची तऱ्हा, नथ आणि अंबाडा यांची त्यांना असलेली जाण त्या पिढीतील क्वचितच दुसऱ्या चित्रकाराला असेल. त्यांची मराठी स्त्री कामात असते: ती पाणी भरते, पूजेला निघते, लग्नघरात धावपळ करते. लुगडे हे तिथे निव्वळ वेशभूषा उरत नाही, तिच्या हालचालीनुसार ते बदलते. घरात, नात्यात, ज्ञातीत रोज पाहिलेल्या गोष्टीचा हा परिणाम आहे.

गोंड स्त्रीच्या बाबतीत हा आधार नव्हता. रॉथफेल्ड यांची नोकरी मुंबई इलाख्यातली. भिल्लांचा मुलूख त्यांना माहीत होता, मध्य प्रांत हा मात्र दुसऱ्याच सरकारचा कारभार. धुरंधरांचे सारे कार्यक्षेत्र मुंबई. ग्रंथाचा आराखडा भारतभराचा असल्यामुळे निलगिरीपासून राजपुतान्यापर्यंत प्रत्येक प्रदेशाला एकेक, दोनदोन चित्रे वाट्याला आली. रॉथफेल्ड यांनी उच्चकुलीन स्त्रिया, मध्यमवर्ग, कष्टकरी आणि आदिवासी, नर्तकी, वेशभूषा अशी प्रकरणे पाडली आहेत. म्हणजे गिरणी-बाजारातील मजूर बाई आणि रानातील गोंड बाई एकाच प्रकरणात. मजकुराचा ओढा सौंदर्य, प्रणय आणि विवाह यांकडे. ही स्त्री जमीन कसते का, कोणाला कर देते, कोणत्या जंगलात तिला शिरण्यास आता बंदी आहे, हे प्रश्न त्या लेखकाला पडलेले नाहीत.

आणि नेमके हेच प्रश्न त्या वेळी चांद्यात जळत होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द आखली गेली. कुऱ्हाड चालवून, झाडोरा जाळून, राखेत बी पेरण्याची पद्धत सरकारच्या लेखी गुन्हा ठरत चालली. सागवान ही सरकारी आणि जमीनदारी उत्पन्नाची वस्तू झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली आढळली. वरोऱ्याला कोळसा निघाला, पुढे बल्लारपूरलाही. ‘मध्य प्रांतातील गोंड स्त्री’ हे शब्द छापले गेले तेव्हा त्या स्त्रीच्या आयुष्यात दुष्काळ, वनरक्षक आणि मजुरी हे तिन्ही आलेले होते. तिच्या चित्राच्या ओळीत यांपैकी एकही नाही, कारण ओळ काळाबद्दल काही बोलतच नाही. ‘गोंड स्त्री’ म्हणजे कालची, आजची, उद्याची, सदासर्वकाळची.

वेशाचाच विचार केला तरी हा कालातीतपणा टिकत नाही. आदिवासी स्त्रीच्या गळ्यातील रंगीत काचमण्यांच्या माळा चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना नेहमीच भुरळ घालतात. काचमणी जंगलात तयार होत नाहीत. ते फेरीवाल्यांबरोबर आणि आठवडी बाजाराच्या वाटेने येतात. मोहफुले, डिंक, लाख, चारोळी डोक्यावरून बाजारात जायची. मीठ, मणी, कापड घेऊन बाई परतायची. अंगावरचे लुगडेही बहुधा जवळच्या गावातील महार किंवा कोष्टी विणकराच्या मागावरचे. आरमोरीच्या बाजूला ढिवर कुटुंबे रानात टसरचे किडे पाळत आणि त्या कोषांचे रेशीम कोष्ट्यांच्या मागावर जाई. म्हणजे ज्याला ‘आदिम वेश’ म्हटले गेले त्यात गोंड, महार, कोष्टी, ढिवर, फेरीवाला आणि कुठल्यातरी दूरच्या गावचा काचकारागीर असे अनेक हात गुंतलेले होते. एकटी उभी असलेली स्त्री रंगवली की हे सारे हात चौकटीबाहेर राहतात.

गोंदण तेवढे याला अपवाद म्हणता येईल. ते विकत मिळत असले तरी उतरवता येत नाही. गोंड समाजात मृत्यूनंतर सोन्याचांदीचे दागिने मागे राहतात आणि गोंदण तेवढे बाईसोबत जाते, अशी श्रद्धा आहे. कातडीवरची ही चित्रे बायकांनी बायकांच्या अंगावर काढलेली असत. चित्रकार जेव्हा अशा स्त्रीला रंगवतो तेव्हा त्याच्यासमोर आधीच एक चित्र असते, दुसऱ्या एका अनाम चित्रकर्तीने काढलेले. मानववंश-ग्रंथांनी त्याची नोंद ‘शरीरभूषण’ या सदरात केली. त्याला चित्रकला म्हणायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

ज्या समाजातील स्त्रीला नावाशिवाय रंगवले गेले, त्या समाजाच्या इतिहासात नाव असलेल्या स्त्रिया मुळीच दुर्मीळ नाहीत. अठराव्या शतकाच्या आरंभी चांद्याचा गोंड राजा बीरशाह मारला गेल्यावर राणी हिराई हिने दत्तक मुलाच्या नावे राज्य सांभाळले. चंद्रपुरातील बीरशाहची भव्य समाधी तिने बांधवली. महाकालीच्या मंदिराची आजची वास्तूही तिच्याच नावाशी जोडलेली आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते तेव्हा दूरदूरचे भाविक एका गोंड राणीने उभारलेल्या देवळात उतरतात. दुसरे नाव अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचे. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली करण्यात लक्ष्मीबाईंचा हात होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याला फाशी झाली आणि त्यांचा मुलूख अहेरीकडे आला. लक्ष्मीबाईंचे कृत्य आज कोणाला आवडणार नाही आणि आवडावे असेही काही नाही. पण त्यांनी राजकारण केले, हिशेब केला, बाजू निवडली. रॉथफेल्ड यांच्या ग्रंथात उच्चकुलीन स्त्रियांचे वेगळे प्रकरण आहे. ‘राणी’ आणि ‘गोंड’ हे दोन शब्द एकाच स्त्रीला लागू शकतात, याला त्या मांडणीत जागाच नव्हती. गोंड म्हटली की ती कष्टकरी आणि आदिवासींच्या कप्प्यात.

याच काळात युरोपच्या एका कोपऱ्यात जवळजवळ असाच उद्योग चालू होता, पण त्याचा शेवट वेगळा झाला. क्रोएशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. निकोला माशिच हा क्रोएशियन चित्रकार परदेशात शिकून आला आणि १८८० च्या सुमारास सावा नदीकाठी हंस राखणारी शेतकरी मुलगी त्याने रंगवली. तिथल्या शेतकरी बायकांचे भरतकाम केलेले पांढरे कपडे चित्रकारांचा आवडता विषय बनले. त्या चित्रांतही रोजची धूळमाती कमी आणि सणाचा स्वच्छ वेश जास्त असे. ती बाईही नावाशिवायच असे. मात्र शहरातील क्रोएशियन प्रेक्षक तिच्याकडे पाहून ‘ही आपली’ असे म्हणत होता. परक्या सम्राटाच्या राज्यात ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्याला तिच्या झग्यावरील नक्षीत सापडत होते. साम्राज्य कोसळल्यावर १९१९ मध्ये झाग्रेबला मानववंश संग्रहालय उभे राहिले आणि ते कपडे राष्ट्रीय ठेवा म्हणून काचेआड गेले. धुरंधरांची चित्रे असलेला ग्रंथ आला त्याच्या पुढच्याच वर्षी.

महाराष्ट्रात हे भाग्य नऊवारीला लाभले. रविवर्म्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी भारतातील निरनिराळ्या प्रदेशांच्या स्त्रियांची दहा चित्रे पाठवली होती, तेव्हापासून प्रादेशिक वेशातील स्त्री हे राष्ट्राचे रूप मानण्याची सवय आपल्याकडेही रुजत गेली. धुरंधरांची नऊवारीतील स्त्री मराठी घरांच्या भिंतींवर गेली आणि ‘आपली आजी’ झाली. त्याच ग्रंथातील, त्याच कुंचल्यातून उतरलेली गोंड स्त्री मात्र नमुनाच राहिली. चांदा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. तरीही ‘मराठी स्त्रीचा पारंपरिक पेहराव’ असे म्हटल्यावर भामरागडची माडिया स्त्री कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. राज्य एक झाले, भिंतीवरचे चित्र तेच राहिले. याचा दोष एकट्या धुरंधरांवर टाकणे अन्यायाचे होईल. चित्र कोणाच्या दिवाणखान्यात टांगले जाते हे चित्रकार ठरवत नाही. मात्र मालिकेच्या रचनेतच या फरकाचे बीज होते, हेही नाकारता येत नाही. एक स्त्री त्यांनी जगताना पाहिली होती, दुसरी एका यादीतील जागा भरण्यासाठी हवी होती.

क्रोएशियाच्या कथेला पुढे एक वळण आहे. १९३० च्या सुमारास क्रस्तो हेगेदुशिच या चित्रकाराने हलेबिने या खेड्यातील इवान जेनेरालिच नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला चित्रे काढायला प्रोत्साहन दिले. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या चित्रांत शेतकरी बायका आल्या त्या काम करताना, भांडताना, मढ्यामागून चालताना. ज्यांची चित्रे काढली जात होती, त्यांच्यातलाच एक आता चित्रे काढत होता.

गोंडांच्या बाबतीत हे व्हायला आणखी पन्नास वर्षे गेली आणि ते घडले चांद्यापासून दूर, मंडला भागात. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाचे काम जगदीश स्वामीनाथन यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या कलासंकुलात आदिवासी चित्रे शहरी चित्रांच्या बरोबरीने टांगली गेली. त्या परंपरेतील दुर्गाबाई व्याम यांनी पती सुभाष व्याम यांच्यासह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ‘भीमायन’ या चित्रमय पुस्तकात साकारले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताला पहिले वळण लागले ते घराच्या भिंतीवरील आणि अंगणातील डिगना काढताना, बायकांनी बायकांना शिकवलेल्या रेषांतून.

धुरंधरांची मूळ चित्रे, रेखाटने आणि छापील प्रती २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठ्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. संग्राहक आणि संग्रहालये आज ‘विमेन ऑफ इंडिया’तील चित्रांची नोंद करतात ती १९२० च्या त्याच ओळींनी, कारण चित्राचे ‘नाव’ म्हणून तेवढेच उपलब्ध आहे. मध्य प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षे उलटली. त्या ओळीत तो अजून शाबूत आहे.